हेडचा खर्च कोणत्या हेडखाली?

'हेड' या एका इंग्रजी शब्दाने माझा जेवढा छळ मांडला आहे तेवढा दुसऱ्या कुठल्याही शब्दाने मांडलेला नाही. शाळेत हेडमास्तर होते. बी. कॉम.ला गेलो तर पहिल्याच तासाला सरांनी सांगितलं, की प्रत्येक खर्चाला एक हेड असतं आणि ज्याला हेड नाही तो खर्च नव्हे, ती उधळपट्टी. बँकेत चिकटलो तर वर हेड ऑफिस. आणि वीस वर्षं लोकांच्या नोटा थुंकी न लावता मोजल्याबद्दल (ओला स्पंज वापरतो, गैरसमज नसावा) आता कुठे मला हेड कॅशिअर म्हणू लागले आहेत. एवढी हेडं डोक्यावर असताना आणखी एका हेडची ओळख करून घ्यावी अशी माझी मुळीच इच्छा नव्हती. पण ते हेड माझ्या दोन पायांच्या मधे, पुढच्या चाकाकडे तोंड करून, अठरा वर्षं निमूटपणे राबत होतं आणि २०२४ च्या फेब्रुवारीत त्याने एकाएकी राजीनामा दिला.

मोटारसायकलचं हेड म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी पुढचा परिच्छेद गाळला तरी चालेल. बँकेतले फॉर्मसुद्धा लोक मधला मजकूर गाळूनच भरतात.

आमच्या वडिलांची स्कूटर होती, टू-स्ट्रोक. तिचं हेड म्हणजे पातेल्यावरचं झाकण. चार नट सोडले की हातात. दर दिवाळीला वडील ते झाकण काढून त्यातली काजळी पॉलिश पेपरने घासायचे आणि आई घरातली पातेली घासायची. दोघांच्या कामात गुणात्मक फरक असा काही नव्हता. फोर-स्ट्रोकचं तसं नाही. तिथे झाकणालाच दारं असतात. एक आत येण्याचं, त्यातून पेट्रोल आणि हवा येते. एक बाहेर जाण्याचं, त्यातून धूर जातो. या दारांना व्हॉल्व्ह म्हणतात, मिस्तरी लोक 'वॉल' म्हणतात. इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेत असेल तर यातलं प्रत्येक दार मिनिटाला तीन हजार वेळा, म्हणजे सेकंदाला पन्नास वेळा उघडतं आणि बंद होतं. नुसतं बंद होत नाही, हवा जाणार नाही असं घट्ट बसतं. आमच्या शाखेतही दोनच काउंटर आहेत, एक आवक आणि एक जावक. पण सेकंदाला पन्नास गिऱ्हाइकं हा विचार मनात आला की मला लगेच चहा घ्यावासा वाटतो.

या शंभर सीसीच्या गाड्यांचं आपल्याकडे एक मोठं खानदान आहे. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली, १९९४ साली स्प्लेंडर आली. इंजिन ९७.२ सीसीचं, पन्नास मिलिमीटरचा बोअर, ताकद सुमारे साडेसात घोड्यांची. जाहिरात अशी होती की पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा. लोक इतके आज्ञाधारक निघाले की ते ऑइलसुद्धा विसरले. तरी गाड्या चालत राहिल्या. नंदुरबार जिल्ह्यात ज्या वाटेवरून बैल जायला कुरकुरतो त्या वाटेवरून या गाड्या नवरा, बायको, दोन पोरं, एक कोंबडा आणि युरियाची गोणी घेऊन जाताना मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. आमची गाडी याच गोत्रातली. तिचं नाव मात्र मी सांगणार नाही. म्हातारपणाची दुखणी नावानिशी चारचौघांत सांगू नयेत. २००६ मध्ये घेतली, एमएच-३९ ची नंबरप्लेट, पंधरा वर्षं भरल्यावर हरित कर भरून नोंदणी वाढवून घेतली. कन्या तिच्या टाकीवर बसून वाढली आणि आता नाशकात शिकायला आहे. दोघींचा खर्च वाढत्या वयाबरोबर वाढत गेला.

दुखण्याची सुरुवात ठसक्याने झाली. आता, नंदुरबारात त्या दिवसांत ठसक्याला कोणी दुखणं समजत नाही. गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पडलेल्या असतात, एकरच्या एकर जमीन लालभडक, आणि वारा गावाकडे वळला की नगरपालिकेपासून न्यायालयापर्यंत सगळं शहर एका सुरात खोकतं. अशात एक मोटारसायकल खोकली तर कोण लक्ष देणार? मी तिच्यावर रुमाल तेवढा बांधला नाही, इतकंच.

पण माझी नेमणूक त्या वेळी धडगावच्या बाजूला होती. शनिवारी (दुसरा किंवा चौथा असेल तर शुक्रवारीच) घरी यायचं आणि सोमवारी पहाटे पुन्हा वर. वाट अशी: नंदुरबारहून निघायचं, हातोड्याच्या पुलावरून तापी ओलांडायची, तळोदा गाठायचं आणि मग चांदशैलीचा घाट. ज्यांनी हा घाट पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो, इथे रस्ता डोंगराला विचारून केलेला नाही. पावसाळ्यात डोंगर त्याचा सूड घेतो आणि दरड टाकून मोकळा होतो. उरलेल्या वर्षात तो नुसता बघत असतो. मोबाईलला रेंज नाही. चढावर माणूस आणि यंत्र दोघंच. आणि यंत्र गप्प झालं की फक्त माणूस.

यात माझं वैयक्तिक काय अडलं होतं, तर एक चावी. बँकेच्या तिजोरीला दोन चाव्या असतात, एक मॅनेजरकडे आणि एक कॅशिअरकडे. सत्यनारायणाला जसं यजमानांनी जोडीनेच बसावं लागतं तशा या दोन चाव्या जोडीनेच लागतात. एकट्या मॅनेजरला तिजोरी उघडत नाही, मग त्यांनी हेड ऑफिसला कितीही वेळा फोन लावो. आणि सोमवारी बाजारच्या गर्दीआधी आमच्या ओट्यावर कोण बसलेलं असतं? पाड्यांवरच्या आज्या. संजय गांधी निराधार, श्रावणबाळ, अशा योजनांचे दरमहा दीड हजार रुपये न्यायला त्या अंधारात निघून चालत आलेल्या असतात.

त्या सोमवारी गाडी घाटात खोकली, मग हुंदके दिले आणि मग दुसऱ्या गिअरमध्येही चढेना. पहिल्या गिअरमध्ये तिचा वेग इतका झाला की सरपणाची मोळी घेतलेली एक बाई मला ओलांडून गेली आणि वळून, मदत हवी का अशा नजरेने तिने पाहिलं. पुढे तेही संपलं. एका घराच्या कुडाला गाडी टेकवली, प्रवासी जीपच्या मागच्या पायरीवर एक पाय मिळाला, त्या पायावर मी साडेबारा वाजता शाखेत पोचलो. मॅनेजरसाहेब दारातच होते, हातात त्यांची चावी. आज्या ओट्यावर होत्या. त्या एका शब्दाने काही बोलल्या नाहीत. गिऱ्हाईक भांडलं तर बरं असतं, त्याला नियम दाखवता येतो. गप्प बसलेल्या म्हातारीला कोणता नियम दाखवणार? दोघी, घर लांब म्हणून, वाट पाहून परत गेल्या होत्या. मंगळवारी त्या पुन्हा चालत आल्या, पुन्हा तेवढंच अंतर, त्याच दीड हजारासाठी. मी नोटा मोजून दिल्या तेव्हा एकीने माझ्याकडे पाहून 'बरा आहेस ना?' अशी मान हलवली. म्हणजे उशीर झाला म्हणून मीच आजारी असेन असं तिने धरून चाललं होतं.

तेव्हा गाडीचं काम करायचं की नाही हा प्रश्न संपला. कसं आणि कितीत, हा उरला.

पिकअपमधून गाडी नंदुरबारला आणली. सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांची जत्रा भरते, तिथे जाणकार माणूस घोड्याचं तोंड उघडतो, दात बघतो आणि वय सांगतो. आमच्या मिस्तरींनी अगदी तसंच केलं. प्लग काढला, भोकात डोकावले, हाताने किक दाबून पाहिली. ती लोण्यात सुरी जावी तशी गेली. मिस्तरी अहिराणीत बोलतात आणि वाईट बातमी लांबवत नाहीत. "भाऊसाहेब, हेड गयं तुमनं."

हेड खोललं. धुराच्या वॉलची कडा एका बाजूने उंदराने कुरतडल्यासारखी झाली होती. मिस्तरींनी समजावलं ते असं. वॉल आपल्या बैठकीवर आपटून आपटून वर्षानुवर्षं आत रुतत जातो. तो रुतला की टॅपेटमधली फट कमी होते. फट संपली की वॉल पुरता मिटत नाही. मिटला नाही की पेटलेला जाळ त्या चिरेतून निसटतो आणि कडा जाळून टाकतो. एवढंच असतं तर बैठक घासून, नवा वॉल टाकून निभावलं असतं. पण बैठकीपासून प्लगच्या भोकापर्यंत एक केसासारखी चीर गेली होती आणि प्लगचे आटे पूर्वी एकदा बुश मारून जगवलेले. लेथवाल्याने ते हेड हातात घेतलं, चष्मा वर केला, खाली केला आणि परत दिलं. डॉक्टर असा केसपेपर परत देतात तेव्हा नातेवाईक पुढचं विचारत नाहीत.

कंपनीच्या सगळ्या मालाने काम केलं तर सहा हजारांच्या घरात जात होतं. नुसतं हेडच तीन हजारांवर.

इथे माझ्यातला वाणिज्य पदवीधर जागा झाला. चाळीस हजाराची गाडी. आयकराच्या हिशेबाने घसारा पंधरा टक्के, घटत्या शिलकीवर. अठरा वर्षं. मी रात्री जेवण झाल्यावर वहीत मांडलं तर पुस्तकी किंमत निघाली २,१४६ रुपये. ही चूक नाही, दोनदा ताळा केला. म्हणजे सबंध गाडी एकवीसशेची आणि तिचं डोकं तीन हजारांचं. सौभाग्यवतींनी वही पाहिली आणि विचारलं, "म्हणजे बाकीचं धड त्यांनी उलट आपल्यालाच पैसे देऊन दिलंय का?" मी त्यांना सांगितलं की प्रश्न तो नाही, प्रश्न असा आहे की हा खर्च भांडवली की महसुली? यंत्र होतं त्या स्थितीत चालू ठेवण्यासाठी केलेला तो महसुली, यंत्राची कमाईची ताकद वाढवणारा तो भांडवली; नवं हेड टाकल्यावर गाडी पूर्वीपेक्षा जास्त चढली तर मोठा तात्त्विक पेच आहे. त्या म्हणाल्या, "अहो, नाशिकच्या होस्टेलचा हप्ता याच महिन्यात आहे. तो कोणत्या हेडखाली?"

यावर अकाउंटन्सीच्या कुठल्याच पुस्तकात उत्तर नाही. खर्चाची हेडं कितीही असली तरी ज्यातून ते सगळे निघतात तो डबा एकच.

दुसऱ्या दिवशी स्पेअरपार्टवाल्या शेठकडे गेलो. शेठनी चहा मागवला (चहा मागवला की माल महागच असतो) आणि विचारलं, "साहेब, ओरिजिनल देऊ, का ओरिजिनलसारखं देऊ?"

वाचकहो, आपल्याकडे गाडीच्या मालाच्या तीन जाती आहेत आणि लोक त्या सर्रास एकमेकींत मिसळतात. पहिली 'कंपनी'. हिच्याबद्दल बोलायचं कारण नाही, ती स्वतःच महाग असण्यातून बोलते. दुसरी 'लोकल'. लोकल म्हणजे जो माल आपल्या गावात कधीही बनत नाही तो. तो दिल्लीच्या काश्मिरी गेट किंवा करोलबागेतून येतो, राजकोटच्या ओतशाळांतून येतो, पण नंदुरबारात उतरला की लोकल होतो. याच्या खोक्यावर बनवणाऱ्याचं स्वतःचं नाव असतं. तो म्हणतो, मी अमक्याचा मुलगा तमका, तुमच्या गाडीला बसेन, पटलं तर घ्या. आणि तिसरी जात 'डुप्लिकेट'. ही खोक्यावर दुसऱ्याचं नाव लावते, दुसऱ्याचाच चमचमता स्टिकर लावते आणि वर दुसऱ्याचीच किंमत छापते. लोकल हा गरीब पाहुणा आहे, डुप्लिकेट हा तोतया.

हा फरक कळायला माझी नोकरी कामी आली. ५०० ची नोट हातात आली की मी ती जराशी वाकडी करतो, हिरवा धागा निळा झाला पाहिजे. कडेवर बोट फिरवतो, पाच तिरप्या रेघा उठावाच्या लागल्या पाहिजेत. खोटी निघाली तर तिच्यावर शिक्का मारून ती जप्त करतो, देणाऱ्याला पावती देतो. एका व्यवहारात चारपर्यंत निघाल्या तर महिन्याअखेर पोलिसांना एकत्रित अहवाल, पाच किंवा जास्त निघाल्या तर थेट गुन्हा. मात्र भोपाळच्या खेळण्यांच्या दुकानात 'बच्चों का बैंक' लिहिलेली नोट मिळते ती काही मी जप्त करत नाही. ती कोणाला फसवायला निघालेली नाही. लोकल हेडचं तसं आहे, एवढाच फरक की त्याने खरोखर बाजार करता येतो. डुप्लिकेटविरुद्ध १९९९ चा ट्रेडमार्क कायदा आहे, पण शेठच्या दुकानात शिक्का घेऊन कोण उभं राहणार? मी शेठना म्हटलं, ओरिजिनलसारखं नको. ओरिजिनल नाही असं ज्याच्यावर स्पष्ट लिहिलंय ते दाखवा. तीस वर्षांच्या धंद्यात अशी मागणी त्यांनी प्रथमच ऐकली असावी. त्यांनी चहाचा दुसरा कप मागवला.

तसं पाहिलं तर लोकल हेडचं आपल्या शेतकऱ्याला कधीच वावडं नव्हतं. तापीकाठी आणि विहिरींवर पूर्वी जी डिझेल इंजिनं टुकटुकत होती त्यांतली कितीतरी राजकोटकडची, जुन्या इंग्रजी लिस्टरच्या घाटाची. त्यांचे सुटे भाग ज्याला जमेल तो ओतायचा. इंजिनाचं कुळ विचारत बसण्यापेक्षा पाणी वर येतंय ना ते बघायचे. कुळ बघायची सवय मोटारसायकलींनी लावली, त्यातही हप्त्यावर घेतलेल्यांनी.

अमेरिकेत तर या प्रकरणाचा मोठा शौक आहे. १९५५ साली शेव्हरोलेने एक आठ सिलिंडरचं, ४.३ लिटरचं इंजिन काढलं. आमच्यासारखी चव्वेचाळीस इंजिनं त्याच्या पोटात बसतील. त्याला दोन हेडं, सोळा वॉल. त्याच्या वंशातल्या इंजिनांवर मूळचं बिडाचं हेड काढून बाहेरच्या कारखान्यांची अॅल्युमिनियमची हेडं चढवायची, वजन कमी करायचं, वाटा रुंद करायच्या आणि घोडे वाढवायचे हा तिथल्या मंडळींचा रविवारचा उद्योग. त्यांतही स्वस्त हेडं निघाली आहेत, आणि जाणते लोक सांगतात की स्वस्त घ्यायला हरकत नाही, पण खोक्यातून काढून तसंच इंजिनावर कसू नका. उघडा, मोजा, धुवा, लागलं तर आतली स्प्रिंग-वॉल चांगल्या घरची टाका. म्हणजे जे ते लोक म्हणतात तेच आमचे मिस्तरी म्हणाले, फक्त अहिराणीत. फरक एवढाच की ते लोक गाडी पळावी म्हणून हेड बदलतात, आम्ही ती चालावी म्हणून.

मिस्तरींचा सल्ला साधा होता. भांडं लोकल घ्या, दारं कंपनीची घ्या. नुसतं ओतीव हेड चौदाशेला मिळालं. वॉल, ऑइल सील आणि पॅकिंग कंपनीचं. वर लेथ आणि मजुरी. सगळं मिळून बत्तीसशेत बसत होतं. होस्टेलचा हप्ता जागचा हलला नाही.

मग सुरू झाली तपासणी. मी बँकेत वीस वर्षांत चार ऑडिट पाहिली असतील, पण असं ऑडिट पाहिलं नाही. मिस्तरींनी आधी हेड नुसतं हातात फिरवलं. ओतकामात कुठे सुईच्या टोकाएवढी भोकं आहेत का बघितलं. तिथून पुढे तेल घामासारखं पाझरतं. मग जुन्या कपाटाचा जाड आरसा आडवा ठेवून हेड त्यावर पालथं घातलं आणि चारही कडांखाली कागद सरकवून पाहिला. कागद कुठेच शिरला नाही, म्हणजे तळ सपाट. वॉल नळीत घालून हलवला. डुगडुगला असता तर हेड परत शेठच्या दारात. मग तेलाच्या वाटेत तार घातली. तारेबरोबर बाहेर आला चंदेरी चुरा, कारखान्यात भोक पाडतानाचा, चिमूटभर. मिस्तरींनी तो माझ्या तळहातावर ठेवला. हा आत राहता तर ऑइलबरोबर फिरत फिरत सबंध इंजिन खाऊन टाकता. कारखान्याने हेड बनवलं होतं चांगलं, फक्त झाडून घ्यायचा कंटाळा केला होता. चौदाशे आणि तीन हजार यांच्यामधल्या फरकाचा बराचसा भाग त्या क्षणी माझ्या तळहातावर होता. डिझेलने हेड तीनदा धुतलं.

त्यानंतर वॉल घासणं. बैठकीला ग्राइंडिंग पेस्ट लावायची, वॉलला रबरी चूषक चिकटवायचा आणि ताक घुसळल्यासारखा तो दोन्ही तळव्यांत फिरवायचा. हे काम मिस्तरींनी मला दिलं. "नोटा मोजी मोजी तुमना हात हलका शे," म्हणाले. अर्धा तास घुसळल्यावर बैठकीवर सगळीकडे सारखी, अखंड राखाडी कडी उमटली. मग प्लग लावून हेड उलटं केलं, खोलग्यात पेट्रोल ओतलं आणि आम्ही दोघं उकिडवे बसून बघत राहिलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. दोन्ही वाटा कोरड्या. कॅश जुळल्यावर संध्याकाळी जे वाटतं ते मला भर दुपारी वाटलं.

नट कसताना त्यांनी एकही नट एका दमात कसला नाही. एकाला थोडं, समोरच्याला थोडं, पुन्हा पहिल्याला थोडं. चार भावांत वाटणी करणाऱ्या जुन्या पाटलासारखं. चेनच्या खुणा जुळवल्या, मॅग्नेटवरची 'टी'ची खूण समोर आणली, गेजच्या पत्तीने टॅपेटची फट ठेवली, आणि पत्ती ओढताना कशी धरून सुटली पाहिजे ते मला बोटाने दाखवलं. पहिल्या किकला काही नाही. दुसऱ्या किकला काही नाही. तिसऱ्याला गाडी सुरू झाली आणि इतका धूर सोडला की समोरच्या इस्त्रीवाल्याने शर्ट आत नेले. "व्हई जाई," मिस्तरी म्हणाले. ते जुळणी करताना लावलेलं तेल जळत होतं. पाच मिनिटांनी धूर विरला आणि आवाज उरला. तो मी ओळखला नाही. अठरा वर्षांत त्या आवाजावर जी कड-कड, टक-टक, फस-फस चढली होती ती सगळी गेली होती.

पहिले पाचशे किलोमीटर चाळीसच्या वर जायचं नाही हा मिस्तरींचा हुकूम. चाळिशीच्या वर गेलेल्या माणसाला हा हुकूम पाळायला सोपा जातो. मी शहाद्याला मावसभावाकडे कारण नसताना दोनदा गेलो, प्रकाशाला जाऊन देवदर्शन केलं, घरातली दळणं लांबच्या गिरणीवर नेली. सौभाग्यवतींनी या पेट्रोलचं हेड विचारलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. पाचशे भरल्यावर ऑइल काढलं, पांढऱ्या कागदावर उन्हात पसरून पाहिलं. काळं होतं, पण चंदेरी चमक नव्हती. नट पुन्हा कसले, टॅपेट पुन्हा बघितले.

मग सोमवार आला. हातोड्याच्या पुलावर तापीवरचं धुकं होतं. तळोदा सोडलं आणि घाटाच्या पायथ्याशी मी उगाचच थांबून प्लगच्या बाजूला बोट लावून पाहिलं, तेल पाझरलंय का. कोरडं. पहिला चढ तिसऱ्या गिअरमध्ये गेला. ज्या वळणावर मोळीवाली बाई मला ओलांडून गेली होती ते दुसऱ्यात, रडारड न करता. ज्या घराच्या कुडाला गाडी टेकवली होती तिथलं पोर दारात उभं होतं. मी थांबत नाही असं पाहून ते जरा हिरमुसलं, कारण मागच्या वेळी गाडी राखल्याबद्दल मी त्याला वीस रुपये दिले होते. वर पोचलो तेव्हा हेड तापलं होतं, पण आमच्या मॅनेजरसाहेबांपेक्षा कमी.

त्याला आता वर्षावर होऊन गेलं. एक पावसाळाही गेला. चौदाशेचं हेड अजून कोरडं आहे. कंपनीच्या हेडइतकं ते अठरा वर्षं टिकेल का? मला तसं वाटत नाही, आणि तशी गरजही नाही. एवढ्या काळात मी निवृत्त होईन आणि गाडी तर त्याआधीच मोडीत निघेल. जुनं हेड भंगारवाल्याने काट्यावर टाकलं, अॅल्युमिनियमचा भाव लावला आणि एकशे दहा रुपये हातावर ठेवले. ते कोणत्या हेडखाली जमा धरायचे हे अजून ठरलेलं नाही. तूर्त सौभाग्यवतींकडे 'सस्पेन्स'ला आहेत.

तक्रार एकच आली, ती आज्यांकडून. पहिल्या दोन-तीन सोमवारी मी वेळेच्या आधी शाखेत पोचलो तरी ओट्यावर नेहमीची रांग लागलेली नसे. सगळ्या पलीकडे चिंचेखाली गप्पा मारत बसलेल्या, आणि मी दिसल्यावर एकच धावपळ. एक दिवस मी शिपायाला विचारायला सांगितलं. त्यांच्या भाषेत बराच वेळ बोलणं झालं, मधे हसणं झालं. मग तो मला म्हणाला, "साहेब, त्या म्हणतात, पूर्वी तुमची गाडी घाटातून उतरायला लागली की इथपर्यंत ऐकू यायची. आवाज आला की त्या उठून रांग लावायच्या. आता तुम्ही चोरासारखे येता."

तेव्हापासून मी शेवटच्या वळणावर तीनदा हॉर्न वाजवतो. हॉर्न कंपनीचा आहे, २००६ चा.